मडमेची भाकर

माझे सासरे अलिबागला एका साहेबाच्या बंगल्यात माळी होते. तिथली मडम दुपारच्या चहाबरोबर खायला गोड, फुगीर, तळहातात मावेल अशी भाकर भाजायची आणि त्यातली एक खिडकीतून सासऱ्यांना द्यायची. तिचं इंग्रजी नाव त्यांना कधी म्हणता आलं नाही. आमच्या घरात ती मडमेची भाकर.

साहेब विलायतेला गेला आणि सासरे रेवदंड्याजवळ गावी परत आले. माझ्या लग्नाला वर्ष झालं असेल, तेव्हा त्यांना हिवताप आला. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली. पेज पुढे केली की तोंड फिरवायचे. उठून बसायचंही त्राण उरलं नव्हतं. सासूबाई त्यांच्यावर रागवायच्या आणि चुलीपाशी येऊन पदराने डोळे पुसायच्या.

एका सकाळी ते म्हणाले, "मडमेची भाकर मिळाली तर एक खाईन."

"मी पेज घेऊन बसलेय ती दिसत न्हाय. मडम बरी आठवते!" सासूबाई म्हणाल्या. पण लगेच वाण्याकडून मैदा आणि खायचा सोडा आणवला.

सासरे पडल्या पडल्या सांगत होते. मैद्यात लोणी चोळायचं, साखर, सोडा, मग आंबट ताक. "आनि मळायचं न्हाय. मडम नुसती बोटं लावायची."

"न मळता भाकर होते काय? तिला मळता येत नसंल."

सासूबाई तांदळाची उकड अशी मळत, की भाकरीला एक चीर पडत नसे. मैदाही त्यांनी तसाच मळला, तेलाचा हात लावून तिंबला, ओल्या फडक्याखाली ठेवला. काकडीचं धोंडस भाजतो तशी टोपात वाळू तापवली, आत थाळी ठेवली, झाकणावर करवंटीचे निखारे घातले. भाकऱ्या निघाल्या त्या दगडासारख्या. सासऱ्यांनी एक दाताखाली धरली आणि बाजूला ठेवली.

"उरलेले चार दात पन काढतेस काय?"

हसले, पण त्या दिवशी पेजही घेतली नाही.

माझं पीठ मळणं सासूबाईंना कधीच पसंत नव्हतं. "हिच्या हाताला जोर न्हाय, पिठाला गोंजारते नुसती," असं त्या शेजारणींना सांगत. मी ऐकून घेई. त्या काळी सासऱ्यांशी सून बोलत नसे, म्हणून त्यांनी सांगितलेलं मी दाराआडून ऐकलं होतं, पण मधे बोलायची हिंमत झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी सासूबाई खळ्यावर गेल्या आणि मी उरलेला मैदा काढला. ताक घालून बोटांनी नुसता गोळा केला. इतका खडबडीत गोळा परातीत बघून मलाच लाज वाटली.

करवंटीच्या धुरात मिसळलेला लोण्याचा तो वास अजून कधी कधी येतो, कुठून ते कळत नाही. त्या वासाने सासूबाई दारातच थांबल्या. मी झाकण काढलं.

"सगळ्या चिरा पडल्यात गो," त्या म्हणाल्या. तरी दोन थाळीत घेऊन आत गेल्या.

सासऱ्यांनी हाताने मोडली. सहज मोडली, आतून वाफ आली. एक अख्खी खाल्ली. दुसरी दुधात बुडवून अर्धी. मग विचारलं, "कोनी केली?"

सासूबाईंनी दाराकडे मान वळवली. "सांग की. तोंड हाय ना तुला?"

"मी," मी म्हटलं. सासऱ्यांशी बोललेला माझा तो पहिला शब्द.

संध्याकाळी त्यांनी वाटीभर पेज मागून घेतली. पंधरा दिवसांनी काठी टेकत अंगणात आले.

पुढे मैदा घरात आला, की सासूबाई परात माझ्याकडे सरकवायच्या. "तू कर बाय. माझा हात थांबत न्हाय."