पाणी हलतं ठेवायचं मशीन

भूमला आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, तेव्हा पुढच्या खोलीत सहा फूट लांबीची काचेची पेटी होती आणि तिच्यात मासे होते. आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. भूम म्हटलं की लोकांना पाण्याचा टँकर आठवतो.

मी जवळच्या ईट गावच्या दवाखान्यात नर्स होते, रोज एस.टी.नं जायचे-यायचे. माझे मिस्टर सहकारी दूध संस्थेत कारकून होते. संस्थेच्या दुकानातलं जुनं काउंटर मोडलं, तेव्हा त्याच्या जाड काचा त्यांनी मागून आणल्या. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलची चौकट करून घेतली, फटींत पुट्टी भरली आणि मला म्हणाले, "यात मासे सोडायचे."

ते दुष्काळाचं वर्ष होतं. गल्लीतल्या बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या आणि आपण घरात माशांना पाणी द्यायचं? मी सरळ सांगितलं, "पाऊस होऊन बोअरला पाणी येईपर्यंत त्यात एक थेंब पडणार नाही." त्यांनी वाद घातला नाही. वर्षभर त्या पेटीत गोधड्या होत्या. येणारा-जाणारा काचेतून गोधड्या बघायचा.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. अंगणातल्या बोअरचा दांडा हापसला की पहिल्या झटक्याला पाणी यायला लागलं. मग मीच गोधड्या काढल्या. मिस्टरांनी सोलापूरहून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गोल्डफिश आणि थोडे गप्पी आणले, मांडीवर पिशव्या सांभाळत.

दोन-तीन दिवस सगळं छान होतं. मग एका सकाळी बघते तर सगळे मासे वर आलेले, तोंडं पाण्याबाहेर काढून धापा टाकल्यासारखं करताहेत. दम्याचा पेशंट खिडकीशी बसून श्वास ओढतो ना, अगदी तसं. मी मिस्टरांना हाक मारली. पण त्यांच्याआधी माझे सासरे उठून आले.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे; ते आमच्याकडेच राहायचे. बाहत्तरच्या दुष्काळात ते पाझर तलावाच्या कामावर मुकादम होते. माती, बांध, पाणी यावर त्यांचं मत ठरलेलं असायचं आणि ते न विचारताच मिळायचं. काचेला नाक लावून त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "पाणी निजलंय. हलवाय पायजे त्याला."

त्यांनी तांब्या घेतला, पेटीतलंच पाणी भरून वरून ओतायला लागले. थोड्या वेळानं मासे खरंच खाली गेले. पण तांब्या घेऊन दिवसभर कोण उभं राहणार? मामा संध्याकाळपर्यंत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांचा खांदा धरला.

मिस्टरांनी कूलरचा पंप काढला. म्हणाले, "हा टाकू. फुकटात काम होईल." पंप पाण्यात बसवला, नळी एका टोकाला बांधली आणि बटण दाबलं. पाण्याची अशी धार सुटली की तळाची वाळू उडाली, सगळी पेटी गढूळ झाली आणि बिचारे मासे समोरच्या काचेला जाऊन चिकटले.

"अहो, बंद करा! ताक घुसळताय का?" मी ओरडले.

"जोर असला तर बिघडलं कुठं?" मिस्टर म्हणाले. "नदीला पूर येतो तेव्हा मासे काय मरतात?"

"पुरात माशाला लपाय जागा असती," मामा म्हणाले. "हितं कुठं लपंल त्यो?"

नळीचं तोंड भिंतीकडं वळवून मिस्टरांनी धार जरा मोडली. पाणी निवळलं. आम्हाला वाटलं, जमलं. मामा कौतुकानं पुढं झाले आणि त्यांनी चौकटीला हात लावला. पुढच्याच क्षणी "आई गं!" म्हणत ते मागं फेकले गेले आणि धपकन खाली बसले.

पंपात पाणी शिरून करंट उतरला होता. मिस्टरांनी धावत जाऊन बटण बंद केलं. मी मामांची नाडी धरली. ती जोरात पण नीट चालत होती. हाताला झिणझिण्या होत्या, बाकी काही नाही. मिस्टर पांढरे पडले होते. वडिलांसमोर उकिडवे बसून ते म्हणाले, "आबा, देऊन टाकतो मासे. नको हे."

मामा हाताची बोटं उघडझाप करून बघत होते. "मासे कामून द्यायचे? माशांनी करंट सोडला व्हय? पाण्याच्या भायेर ऱ्हाणारं मशीन बघ."

तोवर तांब्यावर भागवलं आणि पुढच्या रविवारी आम्ही तिघं सोलापूरला गेलो. माशांचं दुकान अरुंद होतं. दुकानदारानं पहिल्यांदा सगळ्यात मोठं मशीन दाखवलं. ते बाहेर राहून नळीनं हवा सोडायचं. मिस्टरांना तेच पसंत पडलं. मामा म्हणाले, "चालू करा." चालू केल्यावर पीठगिरणीसारखी घरघर सुरू झाली.

"हे न्हाय. घरात माणसं बी ऱ्हात्यात."

मग मामांनी एक बादली पाणी मागून घेतलं आणि दुकानातली मशीनं एकेक करून लावायला लावली. प्रत्येकाला कान लावायचे, बुडबुडे बघायचे, हात ठेवून किती तापतं ते बघायचे. दुसरा कुणी असता तर कंटाळला असता, पण ह्या दुकानदाराला गंमत वाटायला लागली.

"बाबा, मासे कुठं पाळलेत?"

"भूमला."

"भूमला? तिथं प्यायला पाणी आहे का?"

"औंदा हाय," मामा म्हणाले. त्या दोन शब्दांत केवढं समाधान होतं!

शेवटी दुकानदारानंच एक भोकाभोकांची जाळी काढली. ही तळाशी ठेवायची, वर वाळू पसरायची. मशीनची हवा सोडली की जाळीला जोडलेल्या नळ्यांतून बुडबुडे वर चढतात, त्यांच्याबरोबर पाणी वर येतं आणि वरचं पाणी वाळूतून गाळलं जात खाली जातं. म्हणजे पाणी सावकाश फिरत राहतं आणि घाणही वाळूत अडते. मिस्टरांचा चेहरा उजळला. मग प्रश्न उरला, एक मोठं मशीन की दोन लहान?

मी म्हटलं, "दोन घ्या. दोन टोकांना एकेक. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर निभेल." आमच्या दवाखान्यात एकुलता एक स्टोव्ह बिघडला की सुया उकळायची पंचाईत व्हायची, ते माझ्या डोक्यात होतं. बापलेकांनी एकमेकांकडं बघितलं आणि पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

घरी येऊन सगळं बसवलं. मशीनं पेटीच्या खाली स्टुलावर ठेवली आणि तिथं आमचं चुकलं. दुपारी लाइट गेली तेव्हा नळीतून पाणी उलटं उतरून स्टूल, फरशी, चटई सगळं भिजलं. मशीनं मात्र वाचली. मिस्टरांनी भिंतीवर उंच फळी ठोकली, मशीनं वर गेली आणि तो प्रश्न मिटला.

मग पाण्याला एक हलकी, सतत चाल आली. गोल्डफिश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं निवांत फिरायचे. मशीनांचा आवाज इतका बारीक होता, की लाइट गेल्यावरच तो होता हे कळायचं. लाइट गेली की मामा तांब्या घ्यायचे, पण आता बसून, स्टुलावर.

एका संध्याकाळी ईटहून परत आले तर मामा स्टँडवर उभे. ते कधी घ्यायला यायचे नाहीत.

"मामा, काय झालं?"

"बाई, घाई करा. घरी एक बाळंत झालीया."

"कोण?" शेजारच्या सुनेचे दिवस भरत आले होते. मी पिशवी सावरत जवळजवळ पळतच घरी आले. मामा मागून सांगत होते, "समदी ठीक हायती. लई बारकी हायती, पण पवत्यात."

दारात मिस्टर हातात लोणच्याची रिकामी बरणी घेऊन उभे होते. तिच्यात गप्पीची पिल्लं होती, नुसते डोळेच दिसावेत एवढी बारीक, शेपटी हलवत. मोठे मासे गिळतील म्हणून दोघांनी मिळून दुपारभर चहाच्या गाळणीनं ती वेगळी काढली होती.

"मला वाटलं शेजारची—" मी खाली बसून हसायलाच लागले.

मामा गंभीरपणे म्हणाले, "नर्सबाईच्या घरात झाली, म्हणून सुखरूप झाली." आणि चहा ठेवायला आत गेले.