जेडची कुंडी आणि बाबांचा फवारा

बागवाल्या मंडळींनो, आज माझी मोठी चूक झाली.

माझं पहिलंच बोन्साय, जेडचं, बुडाशी मऊ पडलं. बाबा त्यावर रोज फवारा मारतात, म्हणून मी चिडले. "तुम्हीच सडवलं हे."

बाबा हळूच म्हणाले, "मिलमध्ये हवा कोरडी पडली की सूत तुटायचं गं, म्हणून पाणी फवारायचो. सवय आहे."

मिल बंद होऊन तीस वर्षं झाली.

मग कुंडी बदलायला झाड काढलं, तर तळाशी पाणीच पाणी. कुंडीला भोकच नव्हतं. ती शोभेची कुंडी मीच आणलेली.

एक चांगली फांदी कापून, लावण्याआधी काप सुकावा म्हणून ठेवली आहे. बाबा लांबूनच म्हणाले, "हिला मी हात नाही लावणार."

भोकाचं अजून सांगता आलेलं नाही. तुम्ही घरी बाबांची माफी कशी मागता?