रिकामा फिरणारा लेथ

सात तारीख, पगाराचा दिवस. हातात एक्कावन्न हजार, द्यायचे अडुसष्ट. शेडमध्ये मी, बाबू मिस्त्री आणि तिघे कारागीर. चौघांचा पगार सारखाच, म्हणजे पैसे बरोबर तिघांपुरते होते. एकाला पगारासाठी थांबवायचं हे मी घरूनच ठरवून आलो होतो, आणि तो एक म्हणजे वयाने मोठे असलेले मिस्त्री.

अकरा दिवस ऑर्डर नव्हती, तरी त्यांचा लेथ चालू होता. लोखंड पकडणाऱ्या चकात जॉब नव्हता. चक नुसताच गरगरत होता.

“मिस्त्री, वीज फुकट येते का?”

“फिरू दे की, मालक. आवाज थांबला तर गल्ली म्हणेल, हे बसले. मग लोखंडवाला उधार देतोय होय?”

मी बटण बंद केलं. तेव्हा भिंतीपलीकडच्या शेडमधला लेथ ऐकू आला. लोखंड कापताना आवाज खरखरतो. हा गुळगुळीत होता.

“त्यांचाही रिकामाच,” मिस्त्री हसले. “आपल्याला ऐकवतायत.”

मला हसू आलं नाही. महिनाभर मीही “ऑर्डर येतेय” म्हणत होतो. तोही असलाच आवाज. गल्लीतले आम्ही सगळे एकमेकांना धीर देतोय की फसवतोय, हा हिशेब मला मांडता येईना.

ठरवलेलं वाक्य तोंडातून निघालं नाही. ऑर्डर नाही आणि कधी येईल ठाऊक नाही, एवढं चौघांना सांगितलं.

प्रत्येकी पावणेतेरा हजार दिले, मिस्त्री धरून.