पाटलाची सून तूच ना?

आमच्या सिस्टरचा हात फार चालायचा. सत्तरच्या दशकात जालन्याच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला आम्ही आठ मुली होतो आणि आठही जणींनी तिच्या लाकडी रुळाचा मार खाल्ला होता. चूक केली की मार, शंका विचारली की जास्त मार. कुंभार पिंपळगावातून माझ्या वडिलांनी भावकीशी भांडून मला धाडलं होतं. परत गेले असते तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती, म्हणून मी मुकाट सोसायची. ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या सकाळीही एक प्रश्न विचारला म्हणून माझ्या बोटांची पेरं फुटली होती.

वॉर्डात शेजारच्या दोन खाटांवर दोन जावा होत्या. धाकटीच्या पायात विळ्याची जखम पिकली होती. थोरलीचं डोकं नवऱ्याने काठीने फोडलं होतं. ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी बोलत नव्हतं. घरच्या बायकांची नावं चारचौघांत सांगायची पाटलाच्या घरी रीत नव्हती, त्यामुळे कारकुनाने दोघींच्या कागदांवर ‘पाटलाची सून’ एवढंच लिहिलं होतं. आणि त्याही जीव गेला तरी नवऱ्याचं नाव घेणाऱ्या नव्हत्या.

आदल्या दिवशी थोरलीच्या केसांतलं वाळलेलं रक्त पुसत होते, तेव्हा ती म्हणाली, “मागं बाळंतपणात सुई टोचल्ती, बाई. दुधावानी पांढरी दवा. अंग सुजलं, दम कोंडला. मेल्तेच मी.”

ते पेनिसिलीन होतं, हे मला लगेच कळलं. तेव्हाच सिस्टरला सांगायला हवं होतं. मी रुळाला भ्याले आणि गप्प बसले. त्याची लाज अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी सिस्टर धाकटीसाठी पेनिसिलीन भरून आली आणि थोरलीच्या खाटेशी थांबली.

“पाटलाची सून तूच ना?”

थोरलीने पदर पुढे ओढला आणि मान हलवली. त्यात खोटं काय होतं? सुईकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

सिस्टरने दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला. मी “सिस्टर” म्हणाले, पण तो आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. सुई कातडीला टेकणार तेवढ्यात मी सिस्टरच्या मनगटावर सगळा जोर लावून फटका मारला. काचेची सिरिंज फरशीवर फुटली.

मग तिने खाटेवरचा ट्रे उचलून माझ्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. दुसरा तडाखा कानावर बसला, आणि तिने माझी वेणी हाताला गुंडाळून मला खाली ओढलं. काचा गुडघ्यांत घुसल्या. तोंडात रक्त साचलं होतं, तशीच मी ओरडले, “ही न्हाई, ती दुसरी! हिला ही सुई चालत न्हाई!”

“बराबर हाय,” पदराआडून थोरली म्हणाली. “मागं मेल्ते मी.”

वेणीवरची पकड सैल झाली. सिस्टरने दोन्ही कागद हातात घेतले, पुन्हा पुन्हा पाहिले. “काचा उचल,” एवढंच म्हणाली. तिचा राग मला आजही येतो. पण खरं सांगायचं तर, सुजलेलं तोंड घेऊन मी आठ दिवस वॉर्डात ताठ मानेने फिरले. रोग्याला कसं सांभाळायचं ते आता आपल्याला कळलं, असं वाटत होतं.

मग थोरलीला घरी न्यायला तिचा नवरा आला. ती हळू चालत होती. “जल्दी चल की,” म्हणत त्याने तिला पाठीत ढकललं. तिने चटकन दोन्ही हात डोक्यावर घेतले.

“टाके भिजवू नका, अक्का,” मी म्हणाले. “आणि ती पांढरी सुई कुठंच घेऊ नका.”

तिने मान हलवली. तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्याला मी काहीच म्हणाले नाही. उलट तिला बैलगाडीत चढायला मीच हात दिला.