मुकादमाची थप्पड

पनवेलच्या कोळीवाड्यात तुळशीराम मुकादमाच्या हाताला लोक वचकून असायचे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी त्याने एका ट्रेलरवाल्याचा जबडा मोडला, कारण त्या माणसाने मासळी विकणाऱ्या त्याच्या आईला टोपलीसकट रस्त्याकडेला ढकललं होतं. पुढे सख्ख्या मेव्हण्याचे दोन दात पाडले, तेही हळदीच्या मांडवात. माणूस वाईट नव्हता हो, पण त्याचा राग म्हणजे आला की आलाच, मागेपुढे बघणं नाही.

पण एक मानलं पाहिजे. दर वेळी मारामारी झाली की हा आपल्या पायांनी पोलीस चौकीत जायचा. मारलं म्हणायचा, किती मारलं तेही सांगायचा. ही शिस्त आई कृष्णाबाईची. जबड्याच्या वेळीच तिने बजावलं होतं, "हात उचलतोस तर कबूल व्हायचा. मार खाल्लेल्या मानसाला वर खोटा पाडायचा नाय." आई गेली, पण तिचा शब्द याने मोडला नाही.

न्हावा शेव्याच्या वाटेवर एका कंटेनर यार्डात तो अठरा माणसांचा मुकादम होता. धाकटा भाऊ भावेश त्याच्याच टोळीत. दोन हजार सोळा साली तिथे प्रणित नावाचे नवे मॅनेजर आले, राहायला खांदा कॉलनीत. यार्डात माल किती उतरला यापेक्षा लिंक्डइनवर आपण काय लिहिलं याची त्यांना जास्त काळजी. लिंक्डइन म्हणजे नोकरीवाल्यांचं फेसबुक. तिथे साहेब रोज सकाळी काहीतरी शिकून यायचे. चहावाल्याने त्यांना नेतृत्व शिकवलं. पंक्चरवाल्याने चिकाटी शिकवली. एकदा कबुतराने शर्टावर घाण केली, तर त्यातून ते बदल स्वीकारायला शिकले. एक ओळ लिहायची, मग एक ओळ मोकळी, पुन्हा एक ओळ, आणि शेवटी विचारायचं, "सहमत?" आणि दोनशे शहाणे खाली सहमत व्हायचे!

तुळशीरामची मुलगी किशोरी बी.कॉम. होऊन नोकरी शोधत होती, तिचंही तिथे खातं होतं. रात्री जेवताना ती हे इंग्रजी मराठीत करून वाचून दाखवायची आणि भावेश ठसका लागेपर्यंत हसायचा.

भरलेला कंटेनर उघडायची एक रीत असते. आतला माल प्रवासात सरकून दारावर टेकलेला असतो. म्हणून आधी दाराला साखळी बांधायची, मग कडी काढायची, दार चार बोटं उघडून आत बघायचं. पाचेक मिनिटं जातात. प्रणितसाहेबांना एका पाळीत चाळीस कंटेनरचा विक्रम करायचा होता आणि त्याचा व्हिडिओही टाकायचा होता. एके दिवशी दुपारी चार वाजता त्यांनी भावेशला साखळी काढायला सांगितली. भावेश नको म्हणाला. साहेब म्हणाले, भीती ही मनात असते.

मनात कसली असतेय! आत लोखंडी पाइपांच्या मोळ्या होत्या. साखळी सुटली, कडी निघाली आणि दार भावेशला घेऊनच उघडलं. पहिल्या मोळीने त्याला जमिनीवर पाडलं, दुसरी गुडघ्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज तुळशीरामने पलीकडच्या रांगेत ऐकला. तो धावत आला, पहारीने पाइप उचलले, भावाला ओढून काढलं, तेव्हा गुडघ्याखालचा पाय नुसता कातडीला लटकत होता. भावेश साहेबांना आयमाय काढून शिव्या घालत होता, रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरांनी संध्याकाळी पाय कापला.

त्याच रात्री दवाखान्याच्या बाकावर किशोरीने मोबाइल वाचला आणि तिचा चेहरा उतरला. साहेबांनी लिहिलं होतं, आज माझा एक योद्धा पडला. स्ट्रेचरवरून तो हसून म्हणाला, सर, टार्गेट झालं ना? माझे डोळे भरून आले. सहमत?

सकाळी ती पोस्ट गायब. कंपनीने वरून झापलं असणार. आणि दुपारी कंपनीचं पत्र आलं की भावेश त्या दिवशी कामावरच नव्हता, दारू पिऊन यार्डात शिरला होता. गेटवरच्या वहीतलं त्या दिवसाचं पानच नव्हतं. म्हणजे भरपाई नाहीच, वर पाय गेलेल्या माणसाच्या कपाळी दारुडा म्हणून शिक्का. टोळीतले सतरा जण नोकरीच्या भीतीने मूग गिळून बसले. आणि मुकादम तर सख्खा भाऊच, त्याच्या साक्षीला कोण विचारतो?

तुळशीराम साहेबांच्या केबिनमध्ये शिरला आणि दार लावलं. आधी नीट विचारलं, पोस्ट कुठे गेली. साहेब म्हणाले, कुठली पोस्ट? मग हात उठला. पहिल्या थपडेला चष्मा गेला, दुसरीला ओठ फाटला, तिसरीला साहेब फाइलींच्या कपाटावर आपटून खाली बसले. पहारेकऱ्यांनी दार फोडून तुळशीरामला काठ्यांनी झोडपलं, इतकं की डावी बरगडी मोडली. तशाच अवस्थेत चौकीत तो म्हणाला, मारलं, तीन मारल्या. पण साहेबांना मजुराचा मार खाल्ल्याची लाज! त्यांनी जबाब दिला की नुसती बाचाबाची झाली, मी पाय घसरून पडलो. केस मात्र कंपनीने लावलीच, आणि तुळशीरामची नोकरी गेली.

आठ महिन्यांनी प्रणितसाहेब दुसऱ्या कंपनीत लागले, तिथे त्यांना सुरक्षेचा मोठा माणूस म्हणून मिरवायचं होतं. आणि लिहायची खाज काही केल्या जाईना. एका सकाळी किशोरीच्या मोबाइलवर त्यांची पोस्ट आली: मला एक थप्पड बसली, तिने मला पाच गोष्टी शिकवल्या. पुढे सगळं ओळीने लिहिलं होतं. माझ्या पाळीत, दुपारी चारला, मीच साखळी काढायला लावली. त्याने पाय गमावला. त्याच्या भावाने मला थप्पड मारली. मी त्याला मिठी मारली. आम्ही दोघं रडलो. खरा नेता चूक कबूल करतो. सहमत? किशोरीने या वेळी वाचायच्या आधी फोटो काढून ठेवला.

कामगार कोर्टात भावेशचा भरपाईचा दावा चालू होता. तिथे त्या फोटोचा कागद पुढे आला तेव्हा कंपनीच्या वकिलाला घाम फुटायला हवा होता. पण तो हसला. न्यायाधीशांना म्हणाला, साहेब, त्या साइटवर सगळेच असं लिहितात, ते प्रेरणेसाठी असतं, त्यात खरं काही नसतं. प्रणितसाहेबांनीही शपथेवर मान डोलावली. साखळी मनची, पाय गमावलेला माणूस मनचा, थप्पडही मनचीच. मला कोणी कधी मारलेलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण मार खाल्लेला माणूसच मार नाकारतोय हे तुळशीराम जन्मात पहिल्यांदा बघत होता.

आता साक्षीला तो उभा राहणार होता. त्याच्या मारहाणीच्या केसचा वकील आदल्या दिवशी घरी येऊन सांगून गेला होता की पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, आत कोणी बघितलं नाही, खुद्द साहेब नाही म्हणतायत, तू फक्त गप्प राहा, सुटलास. न्यायाधीशांनीही त्याला सावध केलं, तुमच्यावर केस आहे, थप्पड मारली का, याचं उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. पण थप्पड खोटी ठरली तर पोस्टमधली साखळीही खोटी ठरणार होती. बाकावर भावेश कुबड्या मांडीवर घेऊन बसला होता, मान खाली. तुळशीरामला भीती वाटली. जन्मात पहिल्यांदाच त्याला कबूल होणं जड गेलं.

मग तो म्हणाला, "साहेब, मिठी खोटी हाय. मी रडलो नाय. पन थप्पड खरी हाय, मी मारली. न् एक नाय, तीन मारल्या. साखळी काढाया लावली त्याची पयली. माझा भाऊ हसला म्हनून लिवला त्याची दुसरी. दारू प्यालेला म्हनले त्याची तिसरी. चष्मा फुटला, ओठ फाटला, कपाटावर आपटले. कपाटाचा पत्रा आजून चेपलेला असल, मानूस पाठवून बघा."

न्यायाधीशांनी प्रणितसाहेबांकडे बघितलं. साहेबांचा हात नकळत ओठावरच्या व्रणाकडे गेला होता, आणि ते सगळ्यांनी बघितलं.

तुळशीरामला तीन महिन्यांची शिक्षा झाली. थपडेमागे एक महिना, असं कोळीवाड्यात म्हणतात. तो आत असतानाच कामगार कोर्टाचा निकाल लागला. किशोरी भेटीला आली आणि जाळीपलीकडून तिने वाचून दाखवलं की भावेश अपघाताच्या वेळी कामावर होता आणि शुद्धीत होता. तुळशीरामने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. दोनदा ऐकल्यावर त्याचे डोळे भरले, ते त्याने बाहीने पुसले.

मग त्याने विचारलं, "न् थपडा तीन लिवलंय ना? का त्या साहेबासारखी एकच?"

"तीन लिहिलंय, बाबा," किशोरी म्हणाली.