पोपटी आणि प्रॉपर्टी

पेणच्या बाजारात हिवाळ्यात भांबुर्डीच्या पाल्याच्या जुड्या दिसू लागल्या, की त्या उग्र वासाबरोबर मला रोह्याचं एक मोबाइल दुरुस्तीचं दुकान आठवतं. पत्नीला जाऊन दोन महिने झाले होते आणि तिचा फोन बंद पडला होता. या पाल्यात, मडक्यात भाजायची वालाच्या शेंगांची पोपटी कशी लावायची, हे तिने मुलीसाठी त्या फोनपुढे बोलून त्यातल्या नोंदीत अक्षरांत उतरवून ठेवलं होतं. दुसरीकडे कुठेच ते नव्हतं. या यंत्रांना आपली भाषा कळत नाही, तू वहीत लिही, असं मी तिला तेव्हा बजावलं होतं. "फोन चालू होईल काका, पण आतलं राहील याची खात्री नाय," दुकानातली बाई म्हणाली. तिने नवी बॅटरी घातली, नोंद उघडली आणि वाचता वाचता हसू लागली. "काकू फोनशी भांडतात व्हय?" मी चष्मा लावला. ‘प्रॉपर्टीच्या मडक्यात आधी पाला घाल नाय रे मेल्या प्रॉपर्टी नाय प्रॉपर्टी बोलतेय मी मग शेंगा मीठ ओवा वरून परत पाला मडकं उपडं करून जाळ कर कळलं का’. यंत्राला पोपटी कळली नव्हती; पण वहीत तिने कधीच लिहिला नसता तो तिचा राग त्याने निमूटपणे, शब्दन्‌शब्द उतरवून घेतला होता. नव्या फोनांवर आजही माझा फारसा भरवसा नाही, पण त्या दिवशी तिच्या ‘कळलं का’ला मी भरल्या दुकानात मोठ्याने "हो" म्हणालो होतो.