चार ते पाचचा रिकामा तास

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे नकाशाताई म्हणतात. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. ऑफिस म्हणजे सहलींचं दुकान. रस्त्याला लागून एक लांबट खोली, काचेचं दार, भिंतीवर बर्फाची आणि समुद्राची मोठाली चित्रं, आणि तीन टेबलं. पहिलं मालकांचं, ते बहुतेक वेळ रिकामंच. दुसरं माझं. मी तिकिटं आणि हॉटेलच्या खोल्या बघते. तिसरं खिडकीपाशी, ते ताईंचं. त्या लोकांच्या सहली आखून देतात.

थंडी पडायला लागली की आमच्याकडे एकच मागणी. ते लांबचं मोठं शहर, तीन-चार दिवस. जुना किल्ला, संग्रहालय, तळं, दिव्यांचा बाजार आणि एक अख्खा दिवस थीम पार्क. हीच सहल ताईंनी शेकडो लोकांना आखून दिली असेल, पण दोन सहली सारख्या म्हणून नाहीत. समोर माणूस बसला की आधी त्याच्या पायांकडे बघायचं. "या चपलांनी किल्ला? मग शेवटच्या दिवशी ठेवू या, नाहीतर तिन्ही दिवस लंगडाल." आजीला गुडघे विचारायचे, मुलांना उंची विचारायची, आणि नवरा घोरतो का हे बायकोला. कुठल्या हॉटेलात कुठल्या खोलीला लिफ्टचा आवाज येतो, पार्कमधला कुठला पाळणा पोटातलं बाहेर काढतो, कुठल्या रांगेत दुपारी ऊन मिळतं, सगळं तोंडपाठ. शेवटी कागद उलटा करून मागे पेन्सिलीनं नकाशा. त्यात चहाची टपरीसुद्धा असायची.

आणि त्या शहरात ताई स्वतः एकदाही गेल्या नव्हत्या. ही गोष्ट मालक, मी आणि त्या अशी तिघांतच होती. सहलीहून परतलेलं गिऱ्हाईक दिसलं की त्या त्याला धरून बसवायच्या आणि खोदून खोदून विचारायच्या. किती पायऱ्या, कुठे वळलात, डाव्या हाताला काय दिसलं. लोकांना वाटायचं, बाई किती आपुलकीनं चौकशी करते. बाई आपलं शहर बांधत असायची.

त्यांची एक खोड होती. त्यांच्या प्रत्येक सहलीत दुपारी चार ते पाच हा तास कोरा असायचा. किल्ला अकरा ते एक, जेवण, संग्रहालय दोन ते चार, मग रेघ. गिऱ्हाइकं कुरकुरायची. "ताई, इतक्या लांब जायचं आणि तासभर नुसतं बसायचं?" तर म्हणायच्या, "बसा. तळ्याकाठी बाक आहेत. किल्ला विसराल, पण हा तास नाही विसरणार." आणि खरंच, परत आलेल्यांतली निम्मी मंडळी त्या बाकांचंच कौतुक करायची. मी त्यांना चिडवायचे, "ताई, तुम्ही लोकांना रिकामं बसवायचे पैसे घेता." त्या खूश व्हायच्या.

न जाण्याचं कारण साधं होतं. घरी आई. आधी दुखणाईत, मग अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेली. सकाळी तिचं आवरून यायचं, दुपारी शेजारीण डोकावायची, सहाच्या ठोक्याला पळायचं. भाऊ परदेशात, रविवारी फोन करायचा, "तू आहेस म्हणून निभावतंय" म्हणायचा. मागच्या थंडीत आई गेली. चौदाव्या दिवशी ताई कामावर आल्या आणि सहा वाजले तरी उठेनात. मी म्हटलं, "ताई, सहा वाजले." तर म्हणाल्या, "हो की," आणि बसूनच राहिल्या.

त्यानंतर एकदा मी त्यांच्या घरी गेले होते, एक फाइल द्यायला. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. सगळं जागच्या जागी. जेवायच्या टेबलाला दोन खुर्च्या आणि त्यातल्या एकीवर जुन्या सहलींची पत्रकं रचून ठेवलेली, कडेला कड लावून. "बस ना," त्या म्हणाल्या, मग दोन्ही खुर्च्यांकडे बघितलं आणि रिकामी मला देऊन स्वतः पलंगावर बसल्या. तो गठ्ठा कित्येक महिने कुणी उचललेला नव्हता. मी अर्धा चहा घेतला आणि उठले. मला घाई होती असं नाही. तिथे बसवेना, एवढंच.

यंदा ताईंना नोकरीत पंचवीस वर्षं झाली. मालकांनी कधी नव्हे ते मन मोठं केलं. ओळखीच्या हॉटेलात तीन रात्रींची खोली मिळवली, येण्याजाण्याची तिकिटं, पार्कचे पास, सगळं दोघांसाठी. "नकाशे काढून थकलात, आता जरा चालून या," म्हणाले. ताई लाजल्या, डोळे पुसले आणि मालक बाहेर जाताच माझ्याकडे वळल्या. "तू येशील?"

मी लगेच "हो" म्हटलं. अशा वेळी माणूस दुसरं काय म्हणणार?

पुढचे सहा आठवडे त्या हवेत होत्या. मला रोज काहीतरी विचारायच्या. तुला खिडकीची बाजू हवी का? उशी एक लागते की दोन? गोल फिरणाऱ्या पाळण्यात चक्कर येते का? मी म्हटलं, "ताई, मी गिऱ्हाईक आहे की मैत्रीण?" तर म्हणाल्या, "आपल्या माणसाची सहल मी पहिल्यांदाच आखतेय. चुकायला नको." एक दिवस त्यांनी सहलीचा कागद माझ्या हातात ठेवला. दोन्ही बाजूंनी भरलेला, मागे नकाशा. मी "वा वा" केलं आणि कागद खणात टाकला. वाचला नाही. त्यात काय असणार ते मला ठाऊकच होतं, अशी माझी समजूत.

आता खरं सांगते. निघायचा दिवस जवळ येऊ लागला तसं माझं पाऊल मागे पडायला लागलं. चार दिवस सकाळ-संध्याकाळ ताई. त्या आईबद्दल बोलतील, मग गप्प होतील, मग मला काहीतरी बोलावं लागेल. त्या खोल्यांतलं जे काही मी चहा अर्धा टाकून मागे सोडून आले होते, ते हॉटेलात माझ्या शेजारच्या पलंगावर येऊन झोपणार होतं. शुक्रवारी निघायचं आणि बुधवारी मी तोंड उघडलं. "ताई, लेकीची परीक्षा आहे हो. हे म्हणतात, आत्ता नको जाऊस." परीक्षा होती, वीस मार्कांची. आणि नवरा बिचारा काहीच म्हणाला नव्हता. तो तर माझी बॅग माळ्यावरून काढून ठेवून बसला होता.

ताई म्हणाल्या, "अगं, त्यात काय! लेक आधी." आणि हसल्या. मला हायसं वाटलं. मी म्हटलं, "तुमच्या भावाची मुलगी नाही का..." ती सातासमुद्रापलीकडे होती, हे मला माहीत होतं.

शुक्रवारी त्या एकट्या गेल्या.

शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास हॉटेलातून फोन आला. रिसेप्शनवरची मुलगी होती, बोलायला गोड.

"मॅडम, तुमच्याकडच्या पाहुण्या आल्यात, पण दुसऱ्या मॅडम अजून आल्या नाहीत. त्या म्हणाल्या, येतायत, उशीर झालाय. काल जेवणाला टेबल दोघींचं लावलं होतं, आज नाश्ताही दोघींचा. त्या येणार कधी, म्हणजे तसं किचनला सांगते."

मी फोन धरून उभी. म्हणजे ताईंनी बुकिंगमधून माझं नाव काढायला सांगितलंच नव्हतं. अनोळखी मुलीसमोर "मी एकटीच आहे" म्हणायला जीभ रेटली नसेल. आता मी "त्या येणार नाहीत" म्हटलं तर ताई तिथे उघड्या पडणार. मला वाटलं, आपण निदान त्यांचा शब्द तरी राखावा. धंद्यात आम्ही असं रोज करतो. गिऱ्हाइकानं हॉटेलला काही सांगितलं असेल, तर आपण मान डोलवायची आणि वर एखादा तपशील जोडायचा, म्हणजे समोरच्याला शंका राहत नाही. तेच मी केलं.

"त्यांची गाडी चुकली," मी म्हटलं. "उद्या सकाळी दहाच्या गाडीनं निघतायत. चारला पोचतील."

"थँक्यू मॅडम," ती मुलगी म्हणाली.

फोन ठेवला आणि कसं कोण जाणे, खण उघडून मी तो कागद काढला. पहिला दिवस, दुसरा दिवस, किल्ला, संग्रहालय. माझ्यासाठी कमी पायऱ्यांची वाट, माझ्यासाठी खिडकीची बाजू. आणि दुपारी चार ते पाच. पंचवीस वर्षं जो तास कोरा ठेवला, तिथे ताईंनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "गप्पा". तिन्ही दिवशी.

तेव्हा साडेबारा वाजले होते. दोनची एक गाडी होती, मीच तिची तिकिटं काढून देते. घरी बॅग माळ्यावरून काढलेलीच होती. मी निघू शकत होते. मी तो कागद परत घडी करून ठेवला, राहिलेली दोन बुकिंगं उरकली आणि घरी गेले. मला फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय म्हणजे आपण काही अगदीच वाईट नाही, असंही वाटत होतं.

मंगळवारी ताई कामावर आल्या. चेहरा उन्हानं थोडा रापलेला. माझ्या लेकीसाठी रंगीत लोकरीची टोपी आणली होती. मी भरभरून विचारलं, कसं होतं शहर, किल्ला कसा, हॉटेल कसं.

"छान," त्या म्हणाल्या. "मी काढायचे तसंच आहे. टपरी फक्त पलीकडच्या बाजूला निघाली."

"आणि पार्क?"

"राहिलं ते."

मला समजेना. पार्क रविवारचं होतं. शहरापासून तासभर लांब, गेलं की संध्याकाळपर्यंत सुटका नाही, आणि सोमवारी बंद. हे सगळं मला त्यांनीच शिकवलेलं.

"राहिलं कसं?"

ताईंनी पर्स उघडली आणि दोन पास माझ्या टेबलावर ठेवले, न फाडलेले. "रिसेप्शनवरच्या मुलीनं सांगितलं, तुमच्या मैत्रिणीची गाडी चुकली, उद्या दहाच्या गाडीनं निघतायत, चारला येतील. म्हटलं, पार्कला गेले तर चारपर्यंत परत कशी येणार? स्टँडवर कुणीतरी हवं ना तुला घ्यायला."

"ताई, मी ते... तुम्ही तिला सांगितलं होतंत म्हणून मी नुसतं..."

"हो गं. कळलं मला नंतर."

"मग फोन का नाही केलात मला?"

त्यांनी जरा विचार केला. खरंच विचार केला, मला टोचावं म्हणून नाही. "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," त्या म्हणाल्या. "न विचारता चार वाजेपर्यंत बरं वाटत होतं."

चारची गाडी वेळेवर आली होती. सगळी माणसं उतरली. मग ताईंना वाटलं, मागून एखादी जादा गाडी येत असेल, थंडीत सोडतात कधी कधी. म्हणून त्या पाचपर्यंत तिथल्या बाकावर बसल्या. एवढं सांगून त्यांनी टेबलावरची धूळ पुसली. "ते पास तुझ्या लेकीला दे. चित्र गोड आहे त्यावरचं."

मी रडले असते तर त्यांनाच माझी समजूत घालावी लागली असती, म्हणून नाही रडले.

दोन दिवसांनी एक जोडपं आलं, नुकतेच निवृत्त झालेले काका-काकू. काकूंचे बूट नवे होते, ताईंनी ते चावतील म्हणून सांगितलं. गुडघे विचारले, घोरणं विचारलं, काका रागावले, काकू हसल्या. सगळं नेहमीसारखं. ती दोघं गेल्यावर कागद माझ्याकडे आला, खोली बघायला. किल्ला, जेवण, संग्रहालय. चार ते पाच, कापडबाजार. दुसऱ्या दिवशी चार ते पाच, मत्स्यालय. कुठेच रेघ नव्हती.

"ताई, चार ते पाच भरलात तुम्ही?"

"हं."

"पण तुम्ही तर कधीच..."

त्या पेन्सिलीला टोक करत होत्या. "मी आधी कधी बसले नव्हते गं त्यात. लोकांना सांगायचे नुसती." सालपट त्यांनी तळहातावर धरलं होतं. "फार मोठा असतो तो तास."

मी म्हटलं, "पुढच्या थंडीत मी नक्की येते, ताई. दोघी जाऊ. पार्कसुद्धा करू." आणि या खेपेला मी ते अगदी मनापासून म्हणत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, छान हसल्या.

"ये ना," त्या म्हणाल्या. आठवड्याला दहा गिऱ्हाइकं "नक्की कळवतो" म्हणत आमच्या काचेच्या दारातून बाहेर पडतात. त्यांना ताई ज्या आवाजात "कळवा ना" म्हणतात, त्याच आवाजात.